शेऱ्याचा कोरा रकाना

आमच्या यंत्र विभागाचे प्रमुख सभेला टाय लावून यायचे आणि समारंभाला टाय काढून. टाय संस्थेचाच होता, गडद निळा, खाली संस्थेचं चिन्ह. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, पायात चपला आणि गळ्यात हा टाय. यंत्राजवळ वाकताना तो कशात सापडू नये म्हणून शर्टाच्या दोन बटणांमधून आत खोचलेला. वार्षिक समारंभाला आम्ही सगळे टाय लावून जायचो, तेव्हा हे मोकळ्या गळ्याने येऊन मागच्या रांगेत बसायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिथं कामाचं काय असतंय, सर? तिथं नुस्तं बसायचं."

मी हसलो. मनात म्हटलं, नाटक आहे सगळं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात जे काही येई, त्याची सुरुवात तेव्हा बहुतेक याच वाक्याने होत असे.

ते कोण आणि मी कोण, हे सांगायला हवं. देशभरच्या इंजिनिअरांची एक जुनी संस्था आहे, तिचं एक केंद्र जालन्यात आहे. केंद्राखाली यंत्र, विद्युत, स्थापत्य, शेतकी असे तांत्रिक विभाग आणि प्रत्येक विभागाला एक मानद प्रमुख. मानद म्हणजे आपली नोकरी सांभाळायची, सुट्ट्या घालवायच्या, लोक गोळा करून सभा घ्यायच्या आणि एकाला ठाऊक असलेलं चाळीस जणांपर्यंत पोचवायचं. हे काम कुणी मागून घेत नाही असं सगळे म्हणतात. मला ते हवं होतं. तोंडाने मी कधी मागितलं नाही, एवढंच.

मी इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. माझी पदवी सरकारी कॉलेजातली, पहिल्या वर्गातली. ते एका सळईच्या कारखान्यात देखभालीचं काम बघायचे. मूळचे डिप्लोमावाले. पुढे पाळ्या करत करत संस्थेचीच परीक्षा देऊन इंजिनिअर झाले. "एका पेपरला सात येळा आपटलो," हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचे, आणि असं सांगायचे की जणू सात बक्षिसं मिळाली. "आठव्या येळंला संस्थेनं पदरात घेतलं." त्यांच्या घरी देवघराच्या शेजारी संस्थेचं प्रमाणपत्र लावलेलं होतं. उदबत्ती दोन्हीला मिळून एकच. माझं प्रमाणपत्र कुठल्या फायलीत आहे हे मला आजही शोधावं लागेल.

त्यांच्या सभा सभागृहात होत नसत. ज्या कारखान्याचा बंदचा दिवस असेल त्या दिवशी, त्या कारखान्यात, उघडून ठेवलेल्या यंत्राशेजारी सभा. बसायला रिकामी पोती. "चालू मशीन लपवतंय, बंद मशीन सांगतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि सभेला फिटर, वायरमन, भट्टीवाले, सगळे बोलावलेले. ही मंडळी संस्थेची सभासद नव्हती, होऊही शकत नव्हती असं आम्ही समजत होतो. बोलण्याचा क्रम उलटा. ज्याचा हात यंत्राला लागतो तो आधी बोलणार, मग इंजिनिअर, शेवटी प्रमुख. आणि कुणी मोठमोठे शब्द वापरायला लागलं की ते खिशातून कापसाच्या सुताचा बोळा काढून चष्मा पुसत विचारायचे, "कोणत्या नटाबद्दल बोलून राह्यलाव?" बोलणाऱ्याला नट दाखवता आला नाही तर तो आपोआप खाली बसायचा.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका कारखान्यात गिअरबॉक्सचं बेअरिंग सारखं जात होतं. मी तीन रविवार खपून चाळीस चित्रांची मांडणी तयार करून नेली होती, लॅपटॉप, प्रोजेक्टर, सगळं. त्यांनी मला भिंतीशी पोतं दाखवलं. "बसा सर. आधी यासीनभाई बोलतील."

यासीनभाई हे तिथले फिटर. तीस वर्षं त्याच कारखान्यात. त्यांनी उभं राहून घसा खाकरला आणि म्हणाले, "बोलने का क्या है साब. बोल्ट टाइट हैच. नीचे का सिमेंट पोला हो गया. ठोक के देखो ना, आवाज अलग आताय."

ठोकून पाहिलं. एका कोपऱ्यात खरोखरच पोकळ आवाज आला. सगळे "हां, हां" करायला लागले. चहा आला. माझा प्रोजेक्टर पिशवीतच होता.

तेवढ्यात प्रमुख म्हणाले, "थांबा, सरांचं बघू की. सरांनी मेहनत केली हाय." त्यांनी पत्र्याच्या भिंतीवर माझी चाळीसच्या चाळीस चित्रं लावायला लावली आणि सगळ्यांना बघायला लावली. एकतिसावं चित्र आल्यावर ओरडलेच, "हे बघा! पाया पोकळ असला तर बेअरिंग जातंय. सरांनी लिहून आणल्तं! यासीनभाई, तुमचं आन सरांचं एकच निघालं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. यासीनभाईंनी माझा हात हातात घेतला. मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं, "माझा अपमान केला सगळ्यांसमोर."

आज लिहिताना स्पष्ट दिसतं की चाळीस चित्रं नीट बघणारे तिथे आमचे प्रमुख एकटेच होते. पण त्या दिवशी मला एवढंच दिसलं की एकतिसाव्या क्रमांकावर, दहा शक्यतांमधली एक म्हणून मी जे लिहिलं होतं, ते एका फिटरने एका वाक्यात सांगितलं, आणि त्या फिटरला आधी बोलू देणारा माणूस माझ्यापेक्षा मोठा ठरला.

सभा झाली की ते एक पान काढायचे. पेन्सिलीने यंत्राचं चित्र, बाण, खाली मराठी आणि हिंदीत चार ओळी. झेरॉक्स करून कारखान्या-कारखान्यांत वाटायचे. माझे तीन निबंध संस्थेच्या नियतकालिकात छापून आले होते. ते वाचले असं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आणि यांचं पान मी नको नको तिथे पाहिलं. नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत सल्ला द्यायला गेलो होतो. बी वर चढवणाऱ्या पट्ट्याच्या पॅनेलवर पान चिकटवलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. तिथले मॅनेजर कपाळाला आठ्या घालून माझं कार्ड वाचत होते. मी सहज म्हटलं, "हे आमच्याच विभागाचं पान."

"तुम्ही त्यांच्या विभागातले का?" त्यांचा चेहराच बदलला. "मंग बसा की! उभे काय राह्यलात? अरे, चहा सांग."

तो चहा मला गेला नाही. बायको माझ्यापेक्षा हुशार आहे. एके दिवशी जेवताना मी पुन्हा त्यांचाच विषय काढला, तेव्हा ती पोळी वाढत म्हणाली, "रोज येतातच जेवायला, तर त्यांचंही एक ताट मांडत जाऊ का?"

मी चिडलो. पण मला त्यांचं काय हवं होतं, हे तेव्हाही धड सांगता आलं नसतं. त्यांची नोकरी नको होती, घर नको होतं. ते दारातून आत आले की पोत्यावर बसलेले लोक सरकून जागा करायचे. मला ती जागा हवी होती. माझ्यासाठी लोक खुर्ची आणून द्यायचे.

मग आमचे सचिव बदली होऊन गेले आणि ते काम माझ्याकडे आलं. सचिवाने वर्षअखेरीला प्रत्येक विभागाचा अहवाल मुख्यालयाला पाठवायचा असतो. त्याचा एक ठरलेला तक्ता आहे. सभेची तारीख, विषय, हजर सभासदांची नावं, त्यांचे सभासद क्रमांक, आणि शेवटी शेरा. नियम असा की सभेला किमान दहा सभासद हवेत, आणि वर्षात अशा आठ सभा नसतील तर मुख्यालय विभागप्रमुख बदलू शकतं. आता कारखान्याचा बंदचा दिवस बहुधा मधल्या वारी, तेव्हा भर दुपारी तिथे जायला नोकरदार सभासदांना सवड कुठली? सभासद असायचे सहा-सात, आणि कारागीर तीस-चाळीस. आधीचे सचिव सभासदांची नावं लिहून शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ टाकायचे: याखेरीज इतके कारागीर उपस्थित. मुख्यालय ते बघून गप्प बसायचं.

जुने अहवाल माझ्यासमोर होते. ती ओळ मी वाचली होती. त्या वर्षी अकरा सभा झाल्या होत्या आणि त्यातल्या दोनच नियमात बसत होत्या. मी अकराही सभा लिहिल्या. सभासदांची नावं बरोबर लिहिली, क्रमांक दोनदा तपासले. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला.

मी एकही खोटा शब्द लिहिला नाही. हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा म्हणून दाखवलं आहे की आता ते माझ्या आवाजातसुद्धा ऐकू येत नाही.

मुख्यालयाचं पत्र आलं ते केंद्राच्या बैठकीत वाचलं गेलं. विभागाचं काम नियमाप्रमाणे नसल्याने प्रमुख बदलावा, तोवर सचिवांनी विभाग सांभाळावा. सचिव म्हणजे मी. यासीनभाईंना कुठून तरी कळलं होतं. ते सभासद नव्हते, म्हणून दारात उभे होते. तिथूनच म्हणाले, "तीस आदमी बैठते थे साब, कागज पे छै कैसे हुए? बाकी के किधर गए? लिखनेवाले को पूछो ना."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. मी काही बोलायच्या आत आमचे प्रमुख उठले. त्या दिवशी टाय होता.

"लिहिणाऱ्याला कायबी विचारू नका," ते म्हणाले. "सरांनी जे कागदावर बसतंय तेच लिहिलं. खरं लिहिलं. चूक माझी हाय. मी नियम बघितलाच न्हाई. सरांसारखा माणूस विभागाला मिळून राह्यला, चांगलंच झालं."

"साब, तुम भोले हो," दारातून आवाज आला.

"यासीनभाई, बिलकुल बोलू नका. माणूस खरा हाय."

यासीनभाई चपला वाजवत जिना उतरून गेले. हे मात्र पत्राची घडी घालत राहिले. आधी दोन घड्या, मग चार, मग इतकी लहान घडी की ती मुठीत मावली. सात वेळा आपटून आठव्यांदा ज्या संस्थेनं पदरात घेतलं होतं, तिचं ते पत्र होतं. मग त्यांनी मला विभागाचा शिक्का, पेन्सिलीच्या मूळ पानांची फाईल आणि कारखान्यांच्या बंदच्या दिवसांची यादी दिली. यादीवर कुठल्या कारखान्यात चहा कोण करतं तेही लिहिलेलं होतं.

मी सभा हॉटेलच्या हॉलमध्ये घ्यायला लागलो, संध्याकाळी, पडद्यासमोर, मागे फलक. दहाचे पंधरा, पंधराचे वीस सभासद यायला लागले. रकाने भरायला लागले. दोन सभांना तेही आले, मागे बसले, मोकळ्या गळ्याने. टाय का नाही, हे मी विचारलं नाही. मग ते निवृत्त झाले आणि वडीगोद्रीला गेले. तिथे हमरस्त्याला लागून त्यांच्या पुतण्याचं पंप आणि मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे.

गेल्या वर्षी केंद्राने स्मरणिका काढली. माजी विभागप्रमुखांवर लेख हवे होते आणि त्यांच्यावरचा लेख माझ्याकडे आला. मी नाही म्हणू शकलो असतो. मी दोन पानं लिहिली. टाय, पोती, 'कोणत्या नटाबद्दल', सगळं लिहिलं. लोकांना फार आवडलं. शेवटी मी लिहिलं होतं की नियमाचा मान राखून त्यांनी मोठ्या मनाने पद सोडलं आणि सचिवाची पाठराखण केली. हेही खरं. त्यातही एकही खोटा शब्द नव्हता.

स्मरणिका द्यायला मी वडीगोद्रीला गेलो. दुकानात दोन शेतकरी पंप घेऊन आले होते. पंप उघडलेला होता, आणि हे जमिनीवर पोतं टाकून त्याच्यासमोर बसले होते. मला बघून उठायला लागले, मग तेलकट हात बघून नमस्कारच केला. स्मरणिका मात्र हात पुसून घेतली. उभ्या उभ्या वाचली. मग पुतण्याला, त्या शेतकऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवायला लागले.

"ऐका, सरांनी काय लिहिलंय." वाचताना मध्येच हसत होते. शेवटच्या ओळी त्यांनी दोनदा वाचल्या. "बघा, हे बी लिहिलं. असा माणूस पाह्यजे."

एक शेतकरी माझ्याकडे बघून मान डोलवत होता. मला ते सोसेना.

"साहेब," मी म्हणालो, "त्या अहवालात शेऱ्याचा एक रकाना असतो."

"असतोय की."

"आधीचे सचिव त्यात कारागिरांचा आकडा लिहायचे. म्हणून तुमचा विभाग चालू राहायचा. मी तो कोरा ठेवला."

"विसरलाव आसंल."

"नाही. जुने अहवाल समोर होते. मुद्दाम ठेवला."

त्यांनी खिशातून सुताचा बोळा काढला आणि बोटं पुसायला लागले. एकेक बोट. "का बरं?"

"मला तुमच्या जागेवर यायचं होतं."

रस्त्यावरून दोन-तीन ट्रक गेले. पुतण्याने पाना खाली ठेवला. मी वाट बघत होतो की ते रागावतील, किंवा त्यांच्या सवयीप्रमाणे म्हणतील, जाऊ द्या सर, चूक माझीच. खरं सांगतो, मी त्या दुसऱ्या वाक्याचीच वाट बघत होतो. त्यासाठीच आलो होतो की काय, हे मला अजून उलगडलेलं नाही.

ते म्हणाले, "यासीनभाई मला त्याच दिशी सांगून राह्यल्ता. मी त्याला गप बसवला, चार लोकांत. त्याच्यानंतर तो माझ्याशी बोलला न्हाई. मी बी गेलो न्हाई. म्हणलं, ह्यानं खऱ्या माणसावर आळ घेतला."

"साहेब, मला ठाऊक नव्हतं."

"तुम्हाला कसं ठाऊक असंल?" त्यांनी स्मरणिका मिटून काउंटरवर ठेवली. सावकाश, कोपरे जुळवून. मग पुतण्याला म्हणाले, "गाडीची चावी दे."

"आत्ता? कुठं जाता काका?"

"जालन्याला. यासीनभाईकडं."

मी म्हणालो, "माझी कार आहे, चला ना. मी येतो. मीच सांगतो त्यांना."

"न्हाई." मघापासून त्यांनी 'सर' म्हणणं सोडलं होतं, ते मला आता जाणवलं. "तुमचं तुम्ही सांगा, कव्हाबी. मला माझं सांगायचंय. मी त्याला खोटं पाडलं."

मोटारसायकल त्यांनी स्वतःच काढली. हाताला तेल तसंच होतं. ते निघून गेले आणि दुकानात उघडा पंप, दोन शेतकरी, पुतण्या आणि मी, एवढे उरलो.

"कव्हा येतील?" एका शेतकऱ्याने विचारलं.

पुतण्या माझ्याकडे न बघता म्हणाला, "काय सांगावं. यासीनचाचांकडं गेले म्हणजे जेवल्याबिगर सोडायचे न्हाईत ते. पंप मीच बघतो."

मलाही जालन्यालाच परतायचं होतं. अंबडच्या अलीकडे मला ते पुढे दिसले. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, आणि हा माणूस भर उन्हात दुसऱ्याच्या मोटारसायकलवर, पाठ ताठ ठेवून चालला होता. मी गाडी पुढे काढू शकलो असतो. काढली नाही. हॉर्नही दिला नाही.

ज्याची काही चूक नव्हती तो माफी मागायला निघाला होता, आणि त्याला ठाऊक होतं कुठल्या दारात जायचं. ते दार उघडणार होतं, भांडण होणार होतं, मग ताट मांडलं जाणार होतं. मला पश्चात्ताप वाटायला हवा होता. वाटलाही. पण त्यांच्या मागे गाडी चालवताना, अंबड येईपर्यंत, मला नुसता हेवा वाटत होता.